तुतारी पेरली, डमरू उगवला: गच्चीवरच्या इटालियन कोहळ्याचं प्रकरण

२०२३ चा एप्रिल, रविवारची सकाळ, मी तर्री-पोहे हाणून नुकताच कूलरसमोर आडवा झालो होतो आणि हिंगण्याहून वहिनींचा फोन. "भाऊजी, तुम्ही तर म्हणले होते तुतारी लागंल, इथे डमरू लागून राहिले." मला वाटलं मस्करी करून राहिल्या, मग व्हॉट्सॲपवर फोटो आला न् झोपच उडाली. फळ खालून गोल गरगरीत, वर आखूड जाडजूड मान, अंगावर धारा, गर्द हिरव्यावर पांढुरके ठिपके. मी दिलेल्या बियांचं फळ असायला पाहिजे होतं फिकट हिरवं, हातभर लांब, मनगटाएवढं जाड, अन् फक्त खालच्या टोकाला एक छोटासा फुगा. बरं, बी देताना मी भाषण पण ठोकलं होतं, की हे ओरिजिनल जुनं वाण आहे, हायब्रीड नाही, दरवर्षी आपल्याच फळातलं बी ठेवा, परत विकत घ्यायचं कामच नाही. असं भाषण मी चार घरी दिलेलं, त्यामुळे आता इज्जतीचा प्रश्न.

पुढचं सगळं त्या डमरूचा बाप शोधण्याबद्दल आहे. मधे मधे खाण्याचं पण येईल, कारण आमच्या घरी खाल्ल्याशिवाय कुठलंच प्रकरण मिटत नाही.

आधी वाणाबद्दल. नाव ट्रॉम्बोनचिनो. इटलीच्या वायव्येला समुद्राकाठी लिगुरिया म्हणून पट्टा आहे, जेनोआ शहर तिथलंच, त्या भागातलं हे जुनं वाण, तिथल्या आल्बेंगा गावाच्या नावानेही ओळखतात. ट्रॉम्बोन हे तोंडाने वाजवायचं पितळी वाद्य, त्याचं लाडाचं रूप म्हणजे ट्रॉम्बोनचिनो. आईने पहिलं फळ पाहिलं आणि एका सेकंदात त्याला "तुतारी" करून टाकलं, आणि तेच नाव चिकटलं (राजकारणाशी संबंध नाही, हे २०२२ चं आहे, तेव्हा ती निशाणी कोणाची नव्हती). याला समर स्क्वॉशमधे धरतात, म्हणजे साल कोवळी असतानाच तोडायचं आणि सालीसकट खायचं, झुकिनीसारखं. आपल्याकडे ढेमसं, लवकी, दोडकं जसं आपण कोवळं तोडतो तसंच, बी कडक झालं की संपलं.

पण झुकिनी वेगळी आणि ही वेगळी, आणि सगळं प्रकरण इथेच अडकलेलं आहे. झुकिनी ही कुकुर्बिटा पेपो नावाच्या जातीतली, झुडपासारखी वाढते. ट्रॉम्बोनचिनो कुकुर्बिटा मोस्काटा, लांबलचक वेल, १५ फूट सहज जाते. आणि मोस्काटा म्हणजे कोण, तर आपलं कोहळं. (पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी: नागपुरात कोहळं म्हणजे तुमचा लाल भोपळा किंवा डांगर, पेठ्याचा पांढरा कोहळा नाही. या एका शब्दावरून माझ्या पुणेकर मावसभावाच्या लग्नात स्वयंपाकघरात भांडण झालेलं मी पाहिलंय.) म्हणजे इटालियन नावाचं, वेगळ्या रूपाचं, पण जातीने घरचंच. खरं तर घरचं म्हणणंही गमतीचंच, ही सगळी खानदान मूळची अमेरिका खंडातली, कोलंबसाच्या नंतर जगभर फिरली, म्हणजे आपलं "गावरान" कोहळंही पाहुणंच, फक्त आधी आलेलं.

पहिलं वर्ष, २०२२. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटात १० बिया. ४ लावल्या २६ जानेवारीला, झेंडावंदन करून आल्यावर, त्यामुळे तारीख पक्की लक्षात आहे. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा बरेचदा १०-१२ वर असतो, त्यात ही बी मातीत नुसती बसून राहते नाहीतर सडते, म्हणून कुंड्या रात्री घरात. ३ उगवल्या, २ ठेवल्या. निळा २०० लिटरचा ड्रम आडवा कापून दोन अर्धे, त्यात काळी माती, शेणखत, कोकोपीट आणि दोन मुठी निंबोळी पेंड. नुसती काळी माती ड्रममधे भरू नका, पाणी दिलं की चिखल न् वाळली की सिमेंट. वर बांबूचा मांडव. हे फळ जमिनीवर पडलं तर सापासारखं वेटोळं घेतं, लटकत राहिलं तर बऱ्यापैकी सरळ येतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे साक्षीला येणार आहे.

मार्चच्या मध्यात फुलं सुरू झाली. पहिले काही दिवस नुसती नर फुलं, लांब दांडीची, फळ धरायचं नाव नाही, आणि आई म्हणे "वांझ हाय तुही वेल". वांझ नसते, या कुळात नर फुलं आधीच येतात. मादी फुलाच्या मागे जन्मतःच छोटं फळ असतं, तुतारीच्या मादी फुलामागे तर बोटाएवढी छोटी तुतारीच. २० मार्चच्या आसपास पहिलं फळ धरलं. एप्रिल लागला तसं ऊन वाढलं, उष्णता आणि मोठा दिवस असला की या वेली नर फुलंच जास्त काढतात, मादी कमी होत जातात, शिवाय तापलेल्या हवेत परागाचा जीवही कमी. नागपूरचा मे म्हणजे काय ते सांगायला नको, २०१३ च्या मेमधे ४७.९ झालेलं आहे. हिरवी नेट बांधली, बुडाशी गव्हाचं कुटार पसरलं. दुपारी पानं माना टाकायची, आपण घाबरून पाणी ओतायचं नाही, बोट मातीत घालून पाहायचं, ओल असली तर संध्याकाळी पानं आपोआप उभी राहतात. मी पहिल्या आठवड्यात घाबरून ओतत राहिलो आणि एका वेलाची मुळं जवळजवळ सडवलीच.

एकूण १९ फळं मिळाली दोन वेलांवर, १७ कोवळी खाल्ली, २ बियांसाठी ठेवली. एक ते २० मार्चचं. दुसरं १२ एप्रिलच्या आसपास धरलेलं, आईने मुद्दाम ठेवलं, "एक गेलं तं एक राह्यते" म्हणून. दोन्हीच्या बिया वेगवेगळ्या पिकल्या, वेगवेगळ्या वाळल्या, आणि आईने आपल्या सवयीने कॅलेंडरच्या फाडलेल्या पानात पुड्या बांधल्या. पहिलीची पुडी मे महिन्याच्या पानाची, दुसरीची जूनच्या पानाची. कोणी काही लिहिलं नव्हतं, लेबल नाही, काही नाही. पण ही कॅलेंडरची पानं नसती तर हे प्रकरण कधीच सुटलं नसतं.

आता परत एप्रिल २०२३. वहिनींचा फोटो पाहून माझा पहिला निष्कर्ष: मला फसवलं. पाकिटवाल्याने हायब्रीड बी जुनं वाण म्हणून विकलं, पहिल्या वर्षी एकसारखी फळं आली, आणि दुसऱ्या पिढीत सगळं फुटलं, हायब्रीडचं असंच होतं. मी लगेच एक कडक मेल टाकला, त्यात "ग्राहक मंच" हा शब्द पण होता. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: तुमच्या आसपास त्या वेळी लाल भोपळा फुलावर होता का? मला राग आला, की हा विषय बदलून राहिला.

मग एकेकाला फोन लावले. मानेवाड्याचे ऑफिसातले सर, त्यांच्याकडे दोन वेल, दोन्हीला पक्क्या तुताऱ्या. उमरेडची मावशी, तिच्याकडे एकच वेल जगली, तुतारी. कामठीचा मित्र, चार वेल, त्यातल्या तिघांना डमरू, एकाला तुतारी. वहिनींकडे तीन वेल, तिन्ही बिघडलेल्या, आणि त्या पण एकसारख्या नाहीत, एकाची मान जरा लांब, एकाला मानच नाही. आईला विचारलं कोणाला कुठली पुडी दिली. तिला असल्या गोष्टी आठवतात, ती म्हणाली सरांना आणि मावशीला मे-वाली, कारण ते दोघं आधी येऊन गेले, बाकीच्यांना जून-वाली. तिथेच मी गप्प बसलो. पाकीट हायब्रीड असतं तर दोन्ही पुड्यांमधे घोळ निघायला पाहिजे होता, इथे तर मे साफ आणि जून बिघडलेला.

दादाचं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचं, म्हणणं वेगळंच. त्यांच्या वावरात तुतारीच्या शेजारच्या ओळीतच कोहळं लावलेलं, तो म्हणे शेजारच्या कोहळ्याचे पराग यावर पडले म्हणून फळ असं आलं, तुझ्या बियांचा दोष नाही. मला सोडवणारी थिअरी होती, घ्यायला काय हरकत होती. पण ती चूक आहे, आणि ही चूक फार लोक करतात म्हणून थांबून सांगतो. फळाची साल, गर, आकार हे सगळं आईवेलाचं अंग असतं. यावर्षी कुठल्याही फुलाचे पराग येऊन पडले तरी यावर्षीचं फळ आईसारखंच दिसणार. बाप दिसतो तो आतल्या बियांमधे, आणि ती बी पुढच्या वर्षी पेरली की मग नवीन वेल आपली खरी वंशावळ दाखवते. म्हणून २०२२ च्या माझ्या दोन्ही फळांना बाहेरून काहीच झालेलं नव्हतं, दुसरी तुतारी पहिल्या तुतारीची जुळी बहीण वाटत होती, आणि पोटात मात्र परक्याचं बी घेऊन बसलेली. दादाच्या शेजारच्या ओळीचा परिणाम दिसला असता तो २०२४ मधे.

आणखी एक शक्यता होती, ऊन, माती, पाणी. ऑफिसात एकाने सांगितलं की काळ्या मातीत आकार बदलतो. वाकडं होणं, वेटोळं होणं, फुगा लहान-मोठा होणं, हे हवेने आणि मांडवाने होतं, ते मी स्वतः पाहिलेलं. पण धारा आणि ठिपके मातीतून येत नाहीत. आणि एकाच वावरात, एकाच पाण्यावर, वहिनींच्या तीन वेली तीन तऱ्हेच्या कशा? एकाच फळातल्या बियांना वेगवेगळे बाप असू शकतात, कारण एका फुलावर सकाळभरात दहा मधमाश्या येऊन जातात, कोणी आपल्याच वेलाचे पराग आणते, कोणी दुसरीकडचे. तिन्ही वेगळ्या, याचा हिशोब त्याने लागू शकतो.

मग मोबाईलची गॅलरी उघडली. ९ एप्रिल २०२२ चा फोटो, ताटात भजी. ही भजी कशाची, तर शेजारच्या आजींनी दिलेल्या कोहळ्याच्या फुलांची. आजींचं घर आमच्या मागे, मधे फक्त एक भिंत, त्यांच्या टिनावर दरवर्षी कोहळ्याची वेल चढते, त्या वर्षी तिला एप्रिल लागता लागता फुलं आली. माझं मेच्या पुडीचं फळ धरलं २० मार्चला, तेव्हा तिकडे फूल नव्हतं. जूनच्या पुडीचं धरलं १२ एप्रिलला, तेव्हा तिकडचं टिन पिवळं झालेलं. सर्टिफाइड बियाण्यासाठी या वेलवर्गात दोन वाणांमधे ५०० मीटर अंतर ठेवायला सांगतात, पायाभूत बियाण्याला, म्हणजे ज्यापासून पुढे सर्टिफाइड बी करतात त्याला, १००० मीटर. आमच्यात होतं १२ फूट. एक हजार मीटर मोजायचे तर मला आमचं लेआउटच (म्हणजे वसाहत) नाही, पुढचे दोन लेआउट कोहळंमुक्त करावे लागतील.

एक गोष्ट तरी तपासायची राहिली होती. बाजारात लाल भोपळा म्हणून जे मिळतं त्यात सगळंच मोस्काटा नसतं, काही फळं मॅक्झिमा जातीची असतात, आणि त्यांचा तुतारीशी संकर असा सहज होत नाही. ओळखायचं कसं, तर देठावरून. मोस्काटाचा देठ कडक, पाच कोनांचा, आणि फळाला चिकटतो तिथे पसरट, घोड्याच्या खुरासारखा. मॅक्झिमाचा देठ गोल, जाड, बुचासारखा मऊसर. आजींकडे गेलो, माळ्यावर मागच्या वर्षीचं एक कोहळं अजून होतं. आजी म्हणाल्या, "काय पाहून राहिला रे? न्याचं हाय का?" मी म्हटलं, "आजी, देठ पाहतो फक्त." "देठ कायले पाह्यतं? कोहळं पाह्य नं." देठ पाच कोनांचा निघाला.

पाकिटवाल्याला माफीचा मेल टाकला. लिहायला तीन दिवस लागले.

तरी मनात होतं की पाकीट एकदा सरळ तपासावंच. ६ मूळ बिया शिल्लक होत्या. जुलैमधे ४ लावल्या, सोबत जूनच्या पुडीतल्या ४. पावसाळ्यात वेल सुसाट जाते पण त्रास वेगळे: कोवळ्या रोपांवर तांबडे भुंगेरे, पानांवर रोग, आणि सगळ्यात बेकार म्हणजे फळमाशी, ती कोवळ्या फळात अंडी घालते आणि आठ दिवसांत फळ आतून अळ्यांनी भरून पिवळं पडतं. क्यू ल्युरचा, म्हणजे माशीला ओढणाऱ्या वासाचा, सापळा लावला, पण त्यात नुसते नर अडकतात, म्हणून प्रत्येक फळाला जुन्या सुती लेगिंगचा पाय कापून चढवला, शेजारीपाजारी हसले पण फळं वाचली. सप्टेंबरमधे निकाल: पाकिटाच्या ३ उगवल्या, तिन्ही तुताऱ्या. जूनच्या ४ पैकी १ तुतारी, २ डमरू, आणि एक असं काही की आईने त्याला गदा म्हटलं. प्रकरण बंद.

आता खायचं. आधी सावधगिरी: या कुळातल्या घरी ठेवलेल्या बियांचं पहिलं फळ आलं की कच्चा छोटा तुकडा जिभेवर ठेवून पाहायचा, कडू लागला तर थुंकून द्यायचा आणि फळ कचऱ्यात, भाजीत घालून कडूपणा मरत नाही. कुकुर्बिटासिन नावाचं कडू, विषारी द्रव्य असतं, लवकीच्या रसाच्या बाबतीत आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) समितीनेही हेच सांगितलेलं, कडू लागला तर प्यायचाच नाही. २०१५ मधे जर्मनीत शेजाऱ्याच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एक म्हातारे गृहस्थ गेले. माझ्या डमरूचे आई-बाप दोन्ही खायचे असल्यामुळे भीती कमी, तरी मी प्रत्येक वेल चाखूनच पुढे गेलो.

कोवळी तुतारी फूटभर झाली की तोडायची, धरल्यापासून साधारण आठवड्याभरात होते, दोन दिवस विसरलात तर काठी हातात येते. आईने पहिल्यांदा ती लवकी समजून कुकरमधे दोन शिट्ट्या केल्या, नुसता रबडा झाला, आणि घरात दोन दिवस "तुह्या इटलीची भाजी" हा टोमणा. खरं म्हणजे तिचा गर झुकिनीपेक्षा घट्ट, पाणी कमी, आणि लांब मानेत एकही बी नाही, सगळ्या बिया खालच्या फुग्यात. म्हणून तिला मोठी आच आणि उघडी कढई पाहिजे. अर्धा किलोला: मान धुऊन सालीसकट पातळ चकत्या करायच्या, फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल दोन मोठे चमचे चांगलं तापू द्यायचं, मोहरी, जिरं, सात-आठ लसणाच्या पाकळ्या ठेचून, तीन हिरव्या मिरच्या, मग चकत्या टाकून सहा-सात मिनिटं झाकण न ठेवता परतायच्या, कडा तपकिरी झाल्या पाहिजेत. मीठ शेवटी, आधी टाकलं की पाणी सुटून परत तेच लवकीचं होतं. वरून दोन चमचे फल्लीकूट आणि मूठभर सांबार (कोथिंबीर हो, नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीवाल्याचं सांबार नाही). ज्वारीच्या भाकरीसोबत हे माझ्या मते तिचं सगळ्यात चांगलं रूप. आईला भिजवलेली चणाडाळ घालून रस्सा आवडतो, तो पण बरा होतो, पण त्यात लवकीच घातली तर काय बिघडलं असं मला वाटतं. फुगा उरतो त्याच्या बिया कोरून आत झुणका भरून तव्यावर उभा शेकायचा, दिसायला फार भारी, चवीला ठीक.

नर फुलांची भजी हा वेगळाच विषय. सकाळी साडेसहाला तोडायची, नऊपर्यंत फुलं मिटायला लागतात आणि आत मुंग्या. मधला दांडा काढून टाकायचा. बेसनात चमचाभर तांदळाचं पीठ, ओवा, तिखट, मीठ, पीठ पातळच ठेवायचं, फूल बुडवून थेट तेलात. फक्त दोन-तीन नर फुलं वेलावर सोडायची, नाहीतर फळ धरणार कशाने, एकदा बायकोने सगळी तोडली आणि आठवडाभर एकही फळ धरलं नाही, ते खापर अजून माझ्यावरच आहे.

पिकवलेल्या फळाबद्दल मात्र खरं सांगतो. पूर्ण पिकलेली तुतारी रंगाने फिकट बदामी होते, आत केशरी, महिनोन् महिने टिकते, पण चव आपल्या कोहळ्यापुढे पाणचट. आईने तिची बाकरभाजी केली, खसखस, तीळ, सुकं खोबरं भाजून वाटून, गुळाचा खडा टाकून, महालक्ष्म्यांना करते तशीच, मसाला एक नंबर आणि फोडी मात्र फिक्या. त्याउलट डमरू! वहिनींनी वैतागून दोन डमरू वेलावरच पिकू दिले आणि आमच्याकडे पाठवले, जणू पुरावा म्हणून. आईने त्याचे बोंडं केले. फोडी वाफवून, गूळ गरम असतानाच त्यात विरघळवून, कणीक आणि थोडा जाड रवा, जायफळ, अर्धा तास ठेवून बोटांनी तेलात सोडायचे. गर कोहळ्यासारखा गोड, आणि मान भरीव असल्याने एका फळात गर जास्त. कोवळा डमरू मात्र काहीच कामाचा नाही, साल जाड, चव ना इकडची ना तिकडची. म्हणजे तुतारी कोवळी खावी, डमरू पिकवून, आणि दोन्ही हवे असतील तर दोन्हीचं बी वेगळं सांभाळावं लागतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात मी सांभाळलं. अंतर ठेवणं शक्यच नाही म्हणून हाताने परागण. संध्याकाळी वेलावर फिरायचं, जी कळी उद्या उघडणार ती टोकाला पिवळसर झालेली असते, तशी एक मादी आणि दोन-तीन नर कळ्या शोधायच्या आणि टोकाला कागदी टेप गुंडाळायची, म्हणजे सकाळी आपल्याआधी कोणी मधमाशी आत शिरत नाही. मुलीच्या केसांच्या क्लिपाही चालतात, फक्त तिला विचारून घ्या. सकाळी सहा-साडेसहाला नर फूल तोडून पाकळ्या काढून टाकायच्या, मादी फूल हळूच उघडून मधल्या भागावर पराग नीट फिरवायचे, दोन नर फुलं वापरली तर धरायची खात्री वाढते, शक्य असेल तर नर दुसऱ्या तुतारीच्या वेलावरचं घ्यावं. मग मादी फूल परत टेपने बंद, आणि देठाला लाल दोरा, म्हणजे घरातलं कोणी भाजीला तोडत नाही. मी ११ फुलांवर केलं, ४ धरली. एप्रिलनंतर प्रयत्न सोडून दिला, मार्चमधेच उरकायचं काम आहे हे.

त्या चारातली दोन फळं वेलावर ठेवली, साधारण दोन महिने, नख रुतत नाही इतकी साल कडक होईपर्यंत. तोडल्यावर लगेच फोडली नाहीत, तीन आठवडे घरात तशीच, तेवढ्यात बी आणखी भरतं. बिया धुऊन सावलीत पंख्याखाली वाळवल्या. आपल्या मेच्या उन्हात गच्चीवर टाकल्या तर बी भाजूनच निघेल, हे मी वडिलांच्या दोडक्याच्या बियांवर लहानपणीच पाहिलंय. वाकवली की मोडली पाहिजे, वाकून राहिली तर अजून ओल आहे. मग राखेत घोळून काचेच्या बरणीत, आणि यावेळी बरणीवर लेबल: वाण, वेल, परागणाची तारीख. कॅलेंडरचं पान पण आईने आत टाकलंच.

वहिनींना आणि कामठीच्या मित्राला नवीन बी नेऊन दिलं, भाषणाशिवाय. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, या वेळेस काय लागंल ते आधीच सांगून द्या, वाद्यांची नावं आम्हाले पाठ नाही."

आणि आजी राहिल्या. मी माझंच बी परकं झालं म्हणून रडत होतो, पण मधमाशी तर दोन्हीकडे जाते. आजी पण दरवर्षी आपलंच बी ठेवतात. २०२३ च्या जूनमधे त्यांनी भिंतीवरून हाक मारली, "इकडे ये, पाह्य बरं, माह्या कोहळ्याले मान आली." टिनावर पाच फळं, त्यातल्या दोघांना अर्धा फूट मान. मी खाली मान घालून सगळं सांगितलं, की हे माझ्यामुळे झालं, तुमच्या वाणात माझं मिसळलं, जुनं शुद्ध बी असेल तर मी हाताने परागण करून देतो, परत मूळ कोहळं मिळेल. आजींनी मानेवाल्याची फोड करून आणली होती, ती माझ्या हातात दिली. "बिया काढ्याचं काम नाही याच्या मानीत, सरळ कापत जावं. माह्ये हात दुखते बाप्पा, मले हेच पाह्यजे."

मी म्हटलं, आजी, पण याचं बी लावलं तर पुढच्या वर्षी असंच येईल असं नाही, कोणाला मान येईल, कोणाला नाही, कोणाला तिसरंच काही येईल. त्या म्हणाल्या, "मंग दहा लावीन, मानीचे ठेवीन, बाकीचे तुह्या आईले देईन बोंडाले." २०२४ मधे खरंच दहा लावले. सहा आमच्याकडे आले.